गाडी वेर्ण्यात, हॉर्न बेळगावात

२०२२ च्या चवथीच्या तोंडावर गोव्यातल्या बहुतेक शोरूमची एकच रड होती: बुकिंग भरपूर, गाड्या नाहीत. चिपची टंचाई २०२० च्या अखेरीपासूनच जाणवत होती. मार्च २०२१ मध्ये जपानमधल्या नाका इथल्या रेनेसासच्या कारखान्याला आग लागली आणि गाड्यांत लागणाऱ्या मायक्रोकंट्रोलरचा पुरवठा आणखी आटला. कारखान्याची लाइन थांबवणं कोणालाच परवडत नाही. मग एखादा कंट्रोल युनिटचा, म्हणजे गाडीतली एखादी यंत्रणा चालवणाऱ्या छोट्या संगणकाचा, डबा आला नसेल, तर त्याची जागा मोकळी सोडून गाडी जोडायची, मैदानात उभी करायची आणि डबा आला की तिथंच बसवायचा. ग्राहकाला यातलं फक्त 'वेटिंग' कळतं.

अशीच एक गाडी ट्रेलरवरून अनमोड घाट उतरून आमच्या वेर्ण्याच्या यार्डात आली. डिचोलीच्या एका काकांचं बुकिंग, चवथीआधी हवीच म्हणून तगादा. पीडीआय, म्हणजे डिलिव्हरीआधीची तपासणी, करणाऱ्या पोराने नेहमीची यादी उरकली. वाहतुकीसाठी जादा भरलेली टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे उतरवली, मग टायर प्रेशरची यंत्रणा रिसेट केली. टायरवरच्या चार आकड्यांतून बनावटीचा आठवडा आणि वर्ष वाचलं. वायपरखालच्या जाळीतला पाला काढून पाण्याचा फवारा मारला आणि पायाखालचा गालिचा उचलून ओल पाहिली. आपल्याकडच्या पावसात ही शेवटची पायरी मी कोणालाही गाळू देत नाही. शेवटी त्याने ट्रान्सपोर्ट मोड, म्हणजे वाटेत बॅटरी वाचावी म्हणून बऱ्याच यंत्रणा बंद ठेवणारी सोय, काढला. त्या वेळी बॅटरी १२.५ व्होल्ट होती. यादीवर सगळीकडे बरोबरच्या खुणा.

तीन रात्री गेल्यावर गाडी धुवायला काढली तर सेल्फ कण्हायला लागला. बॅटरी ११.९. चार्ज केली, पुन्हा तेच.

नव्या गाडीची बॅटरी उतरली की पहिला आळ बॅटरीवरच येतो. बरेचदा तो खराही असतो, कारण मैदानात महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॅटरीवर सल्फेट धरतं. इथे मात्र हिशेब जुळत नव्हता. ट्रान्सपोर्ट मोडमध्ये गाडी कितीतरी दिवस उभी होती, तरी १२.५ राहिली, मोड काढल्यावर तीन दिवसांत कोसळली. ४५ अँपिअर-अवरची बॅटरी आहे. गाडी नीट झोपली, म्हणजे बंद केल्यावर तिची सगळी युनिटं शांत झाली, तर २५ मिलिअँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे दिवसाला ०.६ अँपिअर-अवर. तेवढ्याने तीन दिवसांत काही होत नाही. काहीतरी जागं होतं.

झोपेतला करंट मोजताना घाई केली की आकडा खोटा येतो. बॉनेट उघडून त्याचं लॅच पेचकसाने दाबून बंद करायचं, म्हणजे गाडीला बॉनेट लागलेलंच वाटतं. फ्यूजबॉक्सकडच्या दाराचंही तसंच. स्मार्ट चावी निदान दहा मीटर लांब न्यायची. खिशात ठेवून जवळ उभं राहिलं तर गाडी तिची चाहूल घेत जागी राहते. मग निगेटिव्ह केबलला डीसी क्लॅम्प मीटर लावून अर्धा-पाऊण तास वाट पाहायची. या गाडीत आकडा खाली आला, थांबला, पुन्हा उसळला, आणि सरासरी ३४० मिलिअँपिअरवर राहिला. दिवसाला आठ अँपिअर-अवरच्या वर. तीन दिवसांत अर्धी बॅटरी साफ.

फ्यूज एकेक उपटून पाहायची जुनी सवय अशा गाड्यांत सोडावी लागते. फ्यूज काढून परत लावला की ते युनिट नव्याने जागं होतं आणि चोर सापडायच्या आत लपतो. त्याऐवजी फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्टमध्ये मोजायचं. १० अँपिअरच्या मिनी फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे ढोबळमानाने १३० मिलिअँपिअर. टेलिमॅटिक्सच्या फ्यूजवर २.३ आलं. तेव्हा कुठे तो एक फ्यूज काढला. काही मिनिटांत क्लॅम्पवर २२ मिलिअँपिअर.

टेलिमॅटिक्स युनिट म्हणजे सिम, जीपीएस आणि मॉडेम असलेला डॅशबोर्डमागचा डबा. अ‍ॅपवरून लॉक, हॉर्न, गाडी कुठे आहे ते दिसणं, सगळं त्याच्यातून. या गाडीला ज्यासाठी थांबवून ठेवलं होतं तो डबा हाच. वॉरंटीत बदलायचा अर्ज टाकणं सोपं होतं, पण तो भाग मिळायला पुन्हा महिने. आणि निकामी युनिट सहसा मरून पडतं. हे थांबून थांबून कोणाला तरी हाका मारत होतं.

स्कॅनर लावला तर एकही फॉल्ट कोड नाही. पोराला विचारलं, तर म्हणाला, "लो व्होल्टेजचे ढीगभर कोड होते, सगळे एकदम क्लिअर केले." कोड पुसण्याआधी अहवाल जतन करायचा असतो, तो केला नव्हता. बॅटरी पडली की स्टिअरिंगपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळे रडतात हे खरं, पण त्या रडण्यात एखादी खरी तक्रार दबून जाते. इग्निशन काही वेळा बंद-चालू केल्यावर ती पुन्हा उमटली: टेलिमॅटिक्स, चॅसिस नंबर जुळत नाही.

प्रत्येक युनिटच्या आत त्याला सांगितलेला चॅसिस नंबर साठवलेला असतो. डायग्नोस्टिक भाषेत तो एफ१९० या खुणेखाली वाचता येतो, युनिटचा स्वतःचा सिरियल एफ१८सी खाली. इंजिन, एअरबॅग, एबीएस सगळ्यांनी गाडीच्या काचेवरचाच सतरा अक्षर-आकड्यांचा नंबर सांगितला. टेलिमॅटिक्सने सांगितलेल्या नंबरचे शेवटचे सहा आकडे वेगळेच होते. गाडीचं नेटवर्क झोपायला लागलं की हा डबा ओळख पटवायला पुन्हा उठायचा, सोबत बाकीच्यांना उठवायचा.

त्याच दुपारी सेल्समधली मुलगी तक्रार घेऊन आली. काकांचं अ‍ॅप तिने चालू करून दिलं होतं आणि नकाशावर गाडी बेळगावजवळ दिसत होती. ती म्हणाली, "जीपीएस चुकतंय." जीपीएस काही मीटर चुकतं, घाट ओलांडत नाही. काकांच्या परवानगीने अ‍ॅपवरून हॉर्न दाबला. आमच्या यार्डात शांतता. नकाशावरच्या ठिकाणावरून तिथला डीलर शोधून फोन केला, तर त्यांच्या यार्डात एक नवी गाडी दिवे मिचकावत वाजत होती आणि वॉचमन वायर कुरतडणारा उंदीर शोधत होता. त्या गाडीची बॅटरीही ते एक दिवसाआड चार्ज करत होते. बॅटरी बदलायचा अर्जसुद्धा गेला होता.

उलगडा असा. टंचाईत उशिरा आलेले डबे गाडीवार नंबर आधीच लिहून पाठवले गेले होते, आणि मैदानात बसवताना दोन डबे एकमेकांच्या गाडीत गेले. लाइनवर शेवटच्या टप्प्याला गाडीची सगळी युनिटं एकमेकांशी पडताळली जातात. मैदानात बसवलेल्या भागासाठी ती पडताळणी झालीच नसणार. कंपनीच्या सर्व्हरवर मात्र काकांचा चॅसिस नंबर आणि त्यांचाच डबा अशी अचूक जोडी होती, फक्त तो डबा बेळगावच्या गाडीत होता.

मी सगळ्यात आधी दोन्हीकडची अ‍ॅप बंद करायला लावली. हॉर्न वाजला तर गंमत, पण दार उघडायची कमांडही त्याच वाटेने जाते.

नंबर पुन्हा लिहून काम भागलं असतं तर बरं, पण या युनिटमध्ये तो एकदाच लिहिता येतो. कंपनीच्या तांत्रिक विभागाने लेखी मंजुरी दिल्यावर दोन्ही डबे प्रत्यक्षच अदलाबदल करायचे ठरले. चोर्ला घाटातून माणूस आला, साखळीला देवघेव झाली. बसवणं तासाभराचं काम: बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, ग्लोव्हबॉक्स उतरवायचा, १० मिमीचे दोन बोल्ट, मुख्य कनेक्टर आणि अँटेनाच्या दोन केबल, निळी जीपीएसची, जांभळट मोबाइल नेटवर्कची. डब्यात स्वतःची छोटी बॅटरी असते, त्यामुळे निगेटिव्ह काढला तरी तो लगेच मरत नाही. थोडं थांबूनच कनेक्टर ओढावा. नंतर स्कॅनरवर काम करताना गाडीला १३.५ व्होल्टचा स्थिर पुरवठा लावून ठेवायचा. त्याची निगेटिव्ह चिमटी बॅटरीच्या टर्मिनलला नाही, बॉडीला. टर्मिनलला लावली तर बॅटरी सेन्सर त्या चार्जिंगची नोंदच घेत नाही आणि गाडी बॅटरी रिकामीच समजते.

एफ१९० वाचला, जुळला. अ‍ॅपवरून हॉर्न दाबला, या वेळी आमच्याच यार्डातले कावळे उडाले. झोपेतला करंट २३ मिलिअँपिअर, सकाळी १२.६ व्होल्ट. चॅसिसवर कोरलेला नंबर आणि कागदपत्रं यांना कुठेच धक्का नसल्यामुळे आरटीओत पुन्हा जावं लागलं नाही.

आता यार्डात कारखान्याच्या मैदानात थांबून आलेली गाडी उतरली की तिच्या यादीला दोन ओळी जास्त असतात: प्रत्येक युनिटचा एफ१९० छापून जोडायचा, आणि ट्रान्सपोर्ट मोड काढल्यावर एक रात्र सोडून सकाळी व्होल्टेज लिहायचं. सेल्सवाल्यांना ही रात्र जड जाते, विशेषतः दसऱ्याला.

काका गाडी न्यायला आले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "आता दाबलं तर आमचीच वाजेल ना?" वाजवून दाखवली. स्मार्ट चावी मात्र त्यांना एकच दिली, दुसरीची चिप अजून आली नव्हती. दुसरी बसवायला याल तेव्हा ही पहिली सोबत आणा, असं गेटपासवर लिहून दिलं. नवी चावी शिकवताना हजर नसलेली जुनी चावी गाडीच्या यादीतून उडते.