खळ्यातले खूर
आज खळं (घरापुढचं अंगण) सारवून झालं. तुळशीच्या लग्नाला दोनच दिवस उरलेत. काल आम्ही चोपण्यांनी (जमीन ठोकायच्या लाकडी फळ्यांनी) चोपचोप चोपलं, हात अजून दुखतायत. आज आई-काकीने शेणाने सारवलं आणि सारवण ओलं असतानाच पाडी (गाईचं वासरू) दावं सोडवून थेट मधोमध! वृंदावनापर्यंत खूरच खूर. आई ओरडतेय, मी फोटो काढतोय.

यंदा सगळं असंच घाईत. मे महिन्यात घर शाकारलं, 300 चिरे आणून गोठा उभा केला. गणपतीत चाकरमानी आले, पडवीत 22 माणसं झोपली. (मांजर माझ्याच गोधडीत व्याली, त्याचं कोणाला काय!)

बाबा म्हणाले, "ऱ्हवांदेत ते खूर, लक्ष्मीची पावलां ती."

आईने तरी परत हात फिरवला. वृंदावनापाशी मात्र दोन खूर तसेच आहेत.