परतीच्या पावसातल्या विजा, हर्णै: लेन्सची काच कोरडी राहिली!

अखेर जमलं. हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या मागे सरळ समुद्रात उतरलेली वीज, तिच्या बारीक जांभळट फांद्या शेवटच्या टोकापर्यंत मोजता येताहेत, आणि तटावरची झुडपं काळीभोर, सुटी सुटी. शंभर टक्के झूम करून कितीदा पाहिलं तरी मन भरत नाहीये. गेल्या ऑक्टोबरपासून याच चौकटीच्या मागे होतो.

सेटिंग नेहमीचंच: २४ मिमी, एफ ५.६, आयएसओ २००, १५ सेकंदांचं एक्स्पोजर, एलईएनआर (लांब एक्स्पोजरनंतर कॅमेरा आपोआप करतो ती नॉइज-सफाई) बंद. वायरचा इंटरव्हलोमीटर, म्हणजे ओळीने आपोआप फोटो काढत राहणारा रिमोट. रात्रीच्या विजांना ट्रिगर (वीज चमकताच शटर दाबणारं यंत्र) लागत नाही हे माझं मत अजून कायम आहे. तेवढे पैसे चांगल्या ट्रायपॉडला लावा.

आता मूळ दुखणं. मागच्या नोंदींतले फ्रेम आठवत असतील: संध्याकाळी सगळं स्वच्छ, आणि विजा ऐन रंगात आल्या की बोटींच्या दिव्यांभोवती वलयं, विजेच्या रेषेला कापूस पिंजल्यासारखी कड. फोकस सरकत असेल असं बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. कनकदुर्गावरच्या दीपगृहावर लाइव्ह व्ह्यूत दहापट झूम करून फोकस लावला, रिंगवर टेप मारली. वलयं होतीच. यूव्ही फिल्टर काढल्यावर दिव्यांची उलटी प्रतिबिंबं गेली, धूसरपणा तसाच. मग संशय खारावर. किनाऱ्यावर काचेवर खार बसतो हे खरंच, पण तो हळूहळू साचतो. इथे पुसलेली काच पाच-दहा मिनिटांत पुन्हा मंद होत होती.

उत्तर मिळालं ते जुन्या फाइलींच्या वेळा वाऱ्याच्या टिपणांशी ताडून पाहिल्यावर. धूसरपणा गार झोताच्या आधी कधीच नाही, प्रत्येक वेळी झोत येऊन गेल्यानंतर! ढगातून पाऊस पडताना हवा गार होऊन खाली कोसळते आणि जमिनीलगत पसरते, तोच हा झोत. त्यात लेन्सची नळी आणि काच गार पडतात. मग वारा पडतो आणि समुद्रावरची उबदार, दमट हवा परत येते. ऑक्टोबरात इथलं पाणी २८ अंशांच्या आसपास असतं, त्यावरच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं तो) सहज २४-२५ अंशांवर जातो. काच त्याच्या खाली असली की दव धरणारच. थेंब इतके बारीक की टॉर्च समोरून मारली तर काच स्वच्छ वाटते. तिरकी मारली की दिसतात.

म्हणून ताऱ्यांचे फोटो काढणाऱ्यांची युक्ती उचलली: लेन्सला गुंडाळायची तापपट्टी, पॉवरबँकवर चालणारी. पुढच्या काचेच्या जितकी जवळ बांधता येईल तितकी बांधा, वर हूड ठेवा. पूर्ण तापमानावर फोकस हलतो, म्हणून सर्वांत कमी पायरीवर वीसेक मिनिटं चालू ठेवायची आणि मगच फोकस लावायचा. पहिली पट्टी ऑनलाइन मागवली होती, तिचा कनेक्टर जरा हलला की बंद पडायचा आणि विक्रेत्याने बदलून द्यायला नकार दिला. पायऱ्यांचं बटण आणि घट्ट प्लग असलेलीच घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

पट्टी झोताच्या आधी चालू हवी, हीच खरी मेख. या दिवसांत ढग दुपारी सह्याद्रीवर उभे राहतात आणि संध्याकाळी किनाऱ्याकडे सरकतात, त्यामुळे अंदाज घ्यायला वेळ मिळतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, जवळपास कुठे वीज पडतेय ते दाखवणारं दामिनी अ‍ॅप लावून बसतो. वीज ४० किलोमीटरच्या वर्तुळात आली की पट्टी चालू, २० च्या आत आली की मी गाडीत, काचा बंद. कॅमेरा बाहेर आपलं काम करत राहतो. यात तडजोड नको. पाऊस पडतोय तिथून दहा-दहा किलोमीटर लांब, कोरड्या जागीही वीज पडते.

पुढच्या खेपेला गुहागरला जायचं ठरवलं होतं. पण हे लिहिताना वाटतंय, काच रात्रभर कोरडी राहणार असेल तर ढग पार समुद्रात गेल्यावरचे दोन तास पहिल्यांदाच हाताशी आले आहेत. तेव्हा आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीच्या रस्त्यावर चढावं. तिथून सुवर्णदुर्ग खाली दिसतो, विजेचा पाण्यावरचा पट्टाही लांबलचक मिळेल. उंच जागा आहे, म्हणून दामिनीत वर्तुळं रिकामी झाल्यावरच चढायचं. वीज तेव्हा लांब असेल, म्हणजे ८५ मिमी, एफ ४, आयएसओ ४००. गुहागर वळवाच्या पावसापर्यंत थांबेल.

अडचण एकच: ८५ ची पुढची काच मोठी आहे आणि माझी पट्टी तिला पुरत नाही. दोन छोट्या पट्ट्या एकाच पॉवरबँकवर कोणी चालवल्या असतील, तर ती किती तास टिकली ते सांगा. या आठवड्यात ढग पुन्हा बांधताहेत.