तुम्ही विचारलंत म्हणून: नवी पाती टाकूनही बरसीम का चघळला जातो?

डिसेंबरात इंदूरच्या आसपास बरसीम या हिरव्या चाऱ्याची कापणी सुरू झाली की हा प्रश्न हमखास येतो: ‘सियागंज बाजारातून पात्यांचा अख्खा सेट आणून बसवला, तरी सिकल बार मोअर (आडव्या बारवर सरकणाऱ्या पात्यांचं कापणी यंत्र) चारा कापत नाही, नुसता चघळतो. पातीच खराब निघाली का?’

बहुतेक वेळा पाती चांगलीच असतात. कात्रीचा स्क्रू ढिला झाला की धार असूनही कापड दुमडून आत जातं ना, अगदी तसंच इथे होतं. डावी-उजवीकडे सरकणाऱ्या लांब पट्टीवर रिव्हेटने बसवलेलं तिकोनी पातं एकटं कापत नाही. फिंगरमध्ये, म्हणजे बारच्या पुढे आलेल्या स्थिर बोटांमध्ये, बसवलेली लेजर प्लेट ही कात्रीची दुसरी बाजू. तिची कड झिजून गोल झाली असेल, तर ओला बरसीम मध्ये दुमडणारच. माझं ठाम मत आहे की हातात पैसे कमी असतील तर आधी लेजर प्लेटी बदला.

तपासताना इंजिन बंद, स्पार्क प्लगची वायर काढलेली आणि हातात चामडी मोजे. प्रत्येक पात्याचं टोक प्लेटवर टेकतंय का पाहा. अधांतरी असेल तर होल्ड-डाऊन क्लिप (पात्याला वरून दाबून ठेवणारी) हातोडीने हलकेच खाली ठोका. क्लिप आणि पातं यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं, एवढीच फट हवी. एकेक क्लिप ठोकली की पट्टी हाताने सरकवून बघायचीच, कारण एक क्लिप जरी आवळली गेली तरी पट्टी तापते आणि शेवटी तिच्या मुठीशी, म्हणजे यंत्र तिला जिथून ढकलतं तिथे, तुटते.

एखादंच पातं तुटलं तर पट्टी गॅसने तापवू नका, ती वाकते. व्हाइसचे जबडे इतकेच उघडा की पातं खाली लोंबेल आणि पट्टी जबड्यांवर टेकेल. मग पट्टीमागे डोकावणाऱ्या पात्याच्या कडेवर हातोडीचा जोरदार घाव घाला. दोन्ही रिव्हेट कापले जातात. उरलेले तुकडे पंचने पाडा. नवे रिव्हेट ऐरणीवर, पातं पट्टीला चिकटवून ठोका. पातं जरासुद्धा हललं तर पुन्हा काढा. ढिलं पातं भोक मोठं करत जातं.

साध्या पात्याला ग्राइंडरवर धार लावताना मूळचा उतार राखा. लोखंड निळं पडलं की त्या जागेचं पाणी उतरलं, धार टिकणार नाही. वरून दाते असलेल्या पात्यांना मात्र धार लावूच नये.

एवढं करूनही पट्ट्यापट्ट्यांनी चारा उभा राहत असेल, तर पट्टी सरकवणारं फ्लायव्हील (जड चाक) हाताने फिरवा. ३ इंची स्ट्रोकच्या, म्हणजे पट्टी एका बाजूला ३ इंच सरकते अशा, मशीनमध्ये सरकण्याच्या दोन्ही टोकांना पात्याचा मध्य फिंगरच्या मध्यावर यायला हवा. ट्रॅक्टरच्या ५ फुटी बारचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा साधारण सव्वा इंच पुढे ठेवतात, म्हणजे चाऱ्याच्या ओढीने ते मागे येऊन सरळ होतं.

आणि संध्याकाळी पट्टी धुऊन, पुसून, तेलाचं फडकं फिरवूनच ठेवा. बरसीमचा रस रात्रीत डिंकासारखा वाळतो.