नकाशातला डोंगर गरम का झाला

पर्यटनासाठी हवामानाचा नकाशा म्हटल्यावर मला वाटलं सोपं काम आहे, हवामान स्टेशनांचा १९९१ ते २०२० चा डेटा घ्यायचा, क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा, रंग भरले की झालं. पहिला नकाशा असाच केला आणि बघते तर काय, डोंगराचा माथा आणि पायथा एकाच भडक केशरी रंगात! सगळी स्टेशनं खाली सपाटीवर होती आणि मी वापरलेलं आयडीडब्ल्यू (जवळच्या स्टेशनांवरून मधल्या जागांचे आकडे काढायची पद्धत), ते फक्त अंतर बघतं, उंची त्याच्या गावीही नसते. वर प्रत्येक स्टेशनाभोवती पाण्यात खडा टाकल्यासारखी गोल गोल वलयं.

एकजण म्हणाला ईआरए५ घे, म्हणजे अख्ख्या जगाचा चौकटी-चौकटींत तयार मिळणारा हवामानाचा डेटा, पण त्याची एक चौकट साधारण ३१ किमीची, अख्खा डोंगर तिच्यातच गडप. शेवटी उंचीच धरली. दर १००० मीटरला साधारण ६.५ अंशांनी तापमान उतरतं, म्हणून सगळी स्टेशनं आधी समुद्रसपाटीला आणायची, तिथे इंटरपोलेट करायचं, म्हणजे मधल्या जागांचे आकडे काढायचे, आणि मग डीईएम (जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा) वापरून परत वर चढवायचं. डोंगर गार झाला एकदाचा. (थंडीत पहाटे दरीत गार हवा साचून राहते तेव्हा हाच हिशोब उलटा पडतो, ते दुखणं वेगळंच.)

मग इंडेक्स, म्हणजे हवामान पर्यटनाला किती चांगलं याचा एकच आकडा. मिएच्कोव्स्की या संशोधकाचा १९८५ चा टीसीआय (टुरिझम क्लायमॅटिक इंडेक्स) सगळे वापरतात, १०० पैकी मार्क, त्यात दिवसा बाहेर किती बरं वाटतं याला ४०, पूर्ण दिवसाच्या सरासरीला १०, पाऊस २०, ऊन २०, वारा १०. माझा राग पावसावर, कारण त्यात महिन्याची बेरीज घेतात. आता समजा दोन जागा, दोन्हीकडे महिन्याला १०० मिमी. एकीकडे चार संध्याकाळी धो धो कोसळून मोकळं आकाश, दुसरीकडे वीस दिवस नुसती पिरपिर. मार्क सारखेच! पण पहिल्या जागी माणूस दिवसभर हिंडून येतो आणि दुसरीकडे त्याचा रेनकोटसुद्धा वाळत नाही. नंतर आलेल्या एचसीआय (हॉलिडे क्लायमेट इंडेक्स) मध्ये रोजचा डेटा घेतात आणि शहरी पर्यटनाच्या त्याच्या फॉर्म्युल्यात पावसाला ३० मार्क आहेत, ते मला जास्त पटतं. तरी मी पावसाच्या दिवसांचा नकाशा वेगळा काढलाच, आणि जमेल तिथे दुपारच्या आधीचा पाऊस किती तेही.

ज्यांच्यासाठी केलं त्यांना मात्र एकच नकाशा हवा होता, हिरवं म्हणजे या, लाल म्हणजे नको. मी बारा दिले, महिन्याला एक, कारण ट्रेकवाल्याचा चांगला महिना आणि समुद्रावर लोळणाऱ्याचा चांगला महिना एक नसतो हो. त्यावर फार चर्चा झाली नाही, चर्चा झाली ती स्टेशनांच्या काळ्या ठिपक्यांवर. ते काढा म्हणे, छपाईत घाण दिसतात. पण ठिपका नाही तिथला रंग हा माझा अंदाज आहे, हे बघणाऱ्याला दुसरं कशावरून कळणार?

काढले नाहीत. थोडे बारीक केले फक्त.