चौथा चतकोर

दिवाळी झाली की बालाघाटावरची गावं ओस पडायला लागतात. ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमांचे ट्रक येतात आणि पत्रे, भांडी, शेळ्या, लेकरं भरून साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. आमच्या सुनावणीची तारीख नेमकी त्याच आठवड्यात पडली होती. माझी पक्षकार तिशीतली. पदरात दोन मुली, नवरा दीड वर्षापूर्वी काविळीने गेलेला. अर्धा कोयता, म्हणजे जोडीदाराविना एकटीने ऊस तोडणारी म्हणून तिने मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी घेतली होती आणि तिचा ट्रक परवा निघणार होता. तारीख पुढे गेली असती, तर ती गावात परतेपर्यंत उन्हाळा लागला असता.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुका विधी सेवा समितीच्या पॅनेलवर वकील आहे. ही बाई मला आमच्या शिबिरात भेटली. भाषणं संपली, सतरंज्या गुंडाळल्या, तरी ती दाराशी उभीच. जवळ येऊन तिने एकच विचारलं, "फी किती पडंल, वकीलबाई?" काहीच नाही, असं सांगितलं तर तिला ते खरं वाटेना. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्न न विचारता मोफत वकील देतं. पण हे तिच्या कानावर जाण्याआधीच कुणीतरी 'साहेबाकडून करून देतो' म्हणत तिच्याकडून सात हजार घेऊन गेला होता. ज्या कामाला सरकारी फी जवळजवळ नाहीच, त्या कामासाठी.

काम होतं वारस नोंदीचं. नवऱ्याने ऊसतोडीच्या पैशातून 1 एकर 20 गुंठे रान विकत घेतलं होतं. सातबाऱ्यावर अजून मेलेल्या माणसाचंच नाव. त्यामुळे पीएम किसानचे वर्षाचे 6 हजार बंद, नमो शेतकरीचे 6 हजार बंद, बँक पीककर्जाला दारात उभी करत नव्हती. म्हणून मुकादमाची उचल. उचल फेडायची म्हणून सहा महिने गाव सोडायचं, आणि गावातच नाही म्हणून सातबाऱ्याचं काम तसंच पडून. आमच्याकडच्या गरिबीविषयी बोलताना सगळे पावसाकडे बोट दाखवतात, ते खोटं नाही. पण या बाईच्या रानात त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. सोयाबीनही बरं आलं होतं. तिचं अडलं होतं ते एका ओळीसाठी.

आम्ही अर्ज दिला, तलाठ्याने नोंद धरली, नोटिसा निघाल्या आणि मुदतीत हरकत आली. हरकत सासूची. टाईप केलेला अर्ज, खाली अंगठा. 'सून नांदत नाही, दुसरं लग्न करणार आहे, तिचं नाव लावू नये.' अर्ज कुणी लिहून घेतला ते उघड होतं. थोरला दीर सुनावणीला आईला मोटारसायकलवर बसवून घेऊन आला होता.

मी पूर्ण तयारीने गेले होते. लग्नाचा पुरावा, मुलींचे जन्मदाखले, रेशनकार्ड, पोलीस पाटलांचा दाखला. विधवेने पुढे लग्न केलं तरी तिला वारशाने मिळालेला हिस्सा जात नाही, हा मुद्दाही तयार होता. सासूला मी मनातल्या मनात विरोधी पक्ष म्हणून कधीच बाजूला बसवून टाकलं होतं. ही चूक माझी.

मंडळ अधिकाऱ्यांनी म्हातारीला विचारलं, "आजी, तुमचं म्हणणं काय?"

ती दिराकडे न बघता म्हणाली, "सुनंचं नाव लागलं की माजं कायबी ऱ्हात नाई म्हनत्यात. मंग मला कोन भाकर घालील?"

मी गप्पच झाले. या बाईला कुणी काही सांगितलंच नव्हतं. आम्हीसुद्धा नाही. मी साहेबांची परवानगी घेतली आणि तिच्यासमोर जाऊन बसले.

"आजी, एका भाकरीचे चतकोर किती?"

"चार."

"हे रान तसंच आहे. तुमच्या लेकाने स्वतः घेतलेलं. एक चतकोर सुनेचा, दोन नातींचे दोन. चौथा कुणाचा?"

तिने उत्तर दिलं नाही.

"चौथा तुमचा. आईचा. कायद्यात बायको, लेकरं आणि आई एका ओळीत आहेत. साठ गुंठ्यांतले पंधरा तुमचे. भावाला यातलं काही नाही."

दीर उठून बोलायला लागला. साहेबांनी त्याला खाली बसवलं. म्हातारीने सुनेकडे पाहिलं. दीड वर्षात दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या, हे मला नंतर कळलं. "कागदावर माजंबी नाव येतंय का?" तिने साहेबांना विचारलं. त्यांनी हो म्हटलं. "मंग माजी काय तक्रार नाई. लिवून घ्या."

जबाब नोंदवला, वाचून दाखवला, अंगठा घेतला. पुढे फेरफार मंजूर होऊन चारही नावं लागली. सून त्या वर्षी तोडीला गेलीच, घेतलेली उचल फेडायची होती. पण धाकटी नात या वेळी ट्रकमध्ये चढली नाही. ती आजीपाशी राहिली, गावातल्याच शाळेत.

त्या दिवशी मी कागद आवरत होते तेव्हा म्हातारी परत आत आली. दीर बाहेर मोटारसायकल सुरू करून उभा होता, हॉर्न वाजवत होता. तिने पदर तोंडाशी धरला आणि हळूच विचारलं, "बाई, माज्या मालकाचं चार एकर थोरल्याच्या एकट्याच्या नावावर हाय. त्यातबी माजा चतकोर निघल का?"

मी पिशवीतून मोफत विधी सेवेचा कोरा अर्ज काढला आणि शाईचं पॅड पुन्हा उघडलं.