लावणीला गेलो, पेज पोचवून आलो

मामाचं गाव चिपळूणपासून एसटीने पाऊण तासावर. दरवर्षी भांडुपहून मे महिन्यात जायचं, आंबे-फणस हाणायचे आणि परत यायचं, हा आमचा शिरस्ता. यंदा मुलांनी हट्ट धरला, भाताची लावणी बघायची. मामीला फोन केला. ती म्हणाली, "या की. पन लावनी हाय, पावन्यागत बसून जमनार नाय."

पहिली अडचण तारखेची. रेल्वेचं आरक्षण उघडतं 60 दिवस आधी, आणि लावणी कधी ते ठरवणार पाऊस. मामा रोहिणीत भात पेरतो. रोपं 21 ते 25 दिवसांची झाली की लावायला येतात, पण खाचरात चिखल व्हायला पाणी तर पाहिजे. जूनअखेर पावसाने दडी मारली. शेवटी जुलैतल्या एका बुधवारी रात्री मामाचा निरोप आला, "शनवारी लावतोय." म्हणजे तत्काळ! गुरुवारी अकराच्या ठोक्याला मोबाईल घेऊन बसलो. ओटीपी येईपर्यंत वेटिंग लागलं होतं.

मग एसटी. बायकोला महिलांचं अर्धं तिकीट, मुलीलाही अर्धं, मुलगा नऊ वर्षांचा म्हणून त्याचंही अर्धं. कंडक्टरने तिकिटं देता देता म्हटलं, "साहेब, फुल तेवढे तुम्हीच." ते वाक्य पुढे आठवणार होतं. कशेडीचा घाट आता बोगद्यातून निघून जातो, त्यामुळे मुलांना उलट्या झाल्या नाहीत.

शनिवारी सकाळी सात वाजता खाचरावर. बायको बांधावरच थांबली. मुंबईत साचलेल्या पाण्यातून चालत आलं तर तीन दिवसांत डॉक्टर गाठा, असं पालिका दर पावसाळ्यात बजावते. इथे तर गुडघाभर चिखलात मुद्दाम उतरायचं! लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती खोटी नव्हे, शेतातही तो होतो. मुलाच्या टाचेला खरचटलेलं होतं, म्हणून त्याला तिने उतरूच दिलं नाही. मामीने काही वाद घातला नाही. "जखम आसंल त्यानं नको," एवढंच म्हणाली आणि त्याला रोपांच्या जुड्या फेकायच्या कामाला लावलं. पावसात डोक्यावर घ्यायची इरली केव्हाच माळ्यावर गेली आहेत. सगळ्यांच्या डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद.

मामा कर्जत-3 लावतो. हळवं भात, लवकर हाती येतं. काम दिसायला सोपं. जुडी डाव्या हातात धरायची, उजव्या हाताने दोन-तीन रोपं सोडवून अंगठ्याने चिखलात दाबायची, वीतभर अंतरावर पुढचा चूड, आणि मागे मागे सरकत जायचं. मी जोर लावून रोपं खोल खुपसत होतो. मामी म्हणाली, "एवडी खोल गाडू नको, फुटवं येनार नायत." मग वरवर लावली, तर मागून मुलगी ओरडली, "बाबा, तुमची रोपं पोहायला लागली!" खरंच तरंगत होती. खोल आणि वरवर यांच्या मधलं जे दोन बोटांचं माप आहे, ते माझ्या अंगठ्याला दुपारपर्यंत सापडलं नाही. कंबर मात्र पहिल्या अर्ध्या तासातच सापडली.

कंबर सरळ करायला उभा राहिलो तेव्हा दिसलं, की मामी स्वतःची ओळ संपवून माझ्या ओळीत आली होती आणि सुटलेली रोपं गुपचूप परत लावत होती. म्हणजे माझी ओळ दोनदा लागत होती, आणि दुसऱ्यांदा लावणारी बाई साठीच्या पुढची. हल्ली पैसे भरून एक दिवसाची लावणी करायला शहरातून लोक जातात. तिथेही त्यांच्या मागून कोणीतरी लावत जात असणार.

दुपारी बांधावर तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि सुकट. तिथेच हिशोब झाला. इकडे लावणी पैऱ्यावर चालते: आज शेजारचे तात्या धरून त्यांच्या घरची तीन माणसं आमच्यात, उद्या आमची तेवढीच माणसं त्यांच्यात. तात्यांनी आम्हा चौघांकडे बघत विचारलं, "ही किती धरायची?"

मामीने भाकरी मोडता मोडता विचार केला. "चौघांचं मिळून अर्दं धरा."

मामा हसत सुटला. मुलीला राग आला, कारण तिची ओळ माझ्यापेक्षा सरळ होती. ते खरंही होतं.

रविवारी पैरा फेडायला मामा-मामी आणि मामेभाऊ तात्यांकडे निघाले. मामाचा गुडघा सुजला होता, म्हणून मी म्हटलं, त्याच्या जागी मी जातो. मामी क्षणभर थांबली. नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं असावं. "तू असं कर," ती म्हणाली, "धा वाजता पेज घेऊन ये."

पेज पोचवायचं काम तिथे पोरासोरांचं. दहा वाजता पेजेचा टोप, लोणच्याची बरणी आणि कागदाची खोळ सांभाळत, घसरड्या बांधावरून एकेक पाऊल टाकत गेलो. माझ्यापुढे मुलगा, हातात वाट्या. तात्यांनी लांबूनच हाक दिली, "काय वो पावनं, बदली झाली काय?"