फ्रिज करंट मारतो

रंगपंचमीला मी फोन बंद ठेवतो. मुंबईकडे लोक धुळवडीलाच रंग खेळून मोकळे होतात, पण जुन्या नाशकातला माणूस रंगपंचमीपर्यंत थांबतो, कारण आमच्याकडे रहाडी आहेत. पेशव्यांच्या काळातले दगडी हौद. वर्षभर ते रस्त्याखाली लाकडांनी झाकून, माती टाकून बुजवलेले असतात. वरून रिक्षा जातात, हातगाड्या लागतात, आणि आपण कशावर उभे आहोत हे बाहेरच्या माणसाला कळतही नाही. रंगपंचमी आली की ते उकरायचे, साफ करायचे, रंग भरायचा, पूजा करायची आणि दुपारनंतर उड्या मारायच्या. या उडीला आम्ही धप्पा म्हणतो.

त्या वर्षी फोन बंद करायचा राहून गेला. तिवंधा चौकात माझा धप्पा व्हायचा होता, गर्दीत पुढे सरकत होतो, तेवढ्यात खिशातली प्लास्टिकची पिशवी थरथरली. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडून बाईंचा आवाज आला, "दादा, दसऱ्याला तुम्ही आमच्याकडे फ्रिज बसवून गेला होतात ना? त्याने माझ्या पोराला उचलून फेकलं."

पत्ता विचारला तर वाडा दोन गल्ल्या पलीकडेच. स्कूटरच्या डिकीतून बॅग काढली आणि चालतच गेलो.

फ्रिज बसवणं, डेमो देणं, बिघडला की दुरुस्त करणं हे माझं काम. या धंद्यात 'फ्रिज करंट मारतो' ही तक्रार पावसाळ्यात आठवड्याला एकदा तरी येतेच. पण फेकलं, असं कुणी म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकत होतो.

पोरगा आजीच्या मांडीला टेकून बसला होता. वय असेल दहा-अकरा. कानामागे रंग तसाच, कपाळावर टेंगूळ, जीभ चावली गेल्यामुळे बोलणं बोबडं. दवाखान्यात नेऊन आणलं होतं, ईसीजी काढला होता, डॉक्टरांनी घाबरायचं कारण नाही असं सांगितलं होतं. घाबरलेलं मात्र सगळं घर होतं. झालं होतं असं : रहाडीतून निथळत घरी आला, आईने मोरीकडे पिटाळला, तर टाकीत पाणी नाही. आईने मोटार लावली. पाणी चढेपर्यंत याला तहान लागली. ओल्या अंगाने, अनवाणी, शहाबादी फरशीवरून गेला आणि फ्रिजच्या दाराची पत्र्याची कड धरली.

फ्रिजसमोर रबरी चपलांचा एक जोड ठेवलेला होता. स्वयंपाकघरात चपला बघून मला नवल वाटलं, तेही आजींच्या घरात.

"फ्रिजच्या आहेत त्या," आजी म्हणाल्या. "ज्याला उघडायचा असेल त्याने त्या घालायच्या. हा विसरला."

"कधीपासून करंट येतोय?"

"आणल्यापासूनच. आधी नुसती झिणझिण होती. संक्रांतीच्या सुमाराला मी तुला फोन नव्हता का केला? तूच म्हणालास, आजी, थोडं इंडक्शन असतं, चप्पल घालून उघडत जा."

मला आठवेना. पण हे वाक्य माझंच आहे याबद्दल शंका नव्हती. तेव्हा दिवसातून दोनदा मी ते कुणाला ना कुणाला सांगत होतो. आमच्यातले बरेच जण अजूनही सांगतात.

त्या इंडक्शनबद्दल इथेच सांगून टाकतो. हल्लीच्या इन्व्हर्टर फ्रिजमध्ये वीज आत येते तिथे एक फिल्टर असतो. त्यातले छोटे कॅपॅसिटर फ्रिजच्या पत्र्याला जोडलेले असतात. त्यांच्यातून अगदी किंचित करंट पत्र्यावर येतो, तसा तो येणं धरलेलंच असतं, आणि अर्थिंगच्या वायरने तो गुपचूप जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर तो पत्र्यावरच राहतो. हात लावला की मुंग्या येतात, टेस्टर टेकवला की पेटतो. एवढ्या करंटने माणसाला इजा होत नाही, इथपर्यंत माझं वाक्य बरोबर होतं. पण अर्थिंग शाबूत असताना झिणझिण येतच नाही. ती येते याचाच अर्थ अर्थिंग गेलेलं आहे. म्हणजे फ्रिज पाच महिने त्या घराला सांगत होता, आणि मी त्यावर चपलेचा उपाय सांगून मोकळा झालो होतो.

पण झिणझिणीने पोरगा फेकला जात नाही. आता कुठूनतरी खरा फेज, म्हणजे थेट जिवंत वायरीतला करंट, येत होता.

फ्रिजचा टॉप, म्हणजे तीन पिनांचा प्लग, काढला आणि आधी फ्रिजच तपासला. मागे उंदराने वायर कुरतडली असेल असं वाटलं होतं, वाड्यात ते चालायचंच. वायर धड होती. करंट पत्र्यावर गळतो का ते दाखवणारा मेगर लावला, फ्रिज अगदी स्वच्छ. मग बोर्डाकडे वळलो. माझ्याकडे होल्डरला दोन वायरी जोडलेला एक साधा बल्ब असतो. मीटर आहे, पण तुटक्या वायरीतही तो कसले कसले व्होल्ट दाखवतो. बल्ब खोटं बोलत नाही, त्याला पेटायला करंट लागतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, लख्ख पेटला. फेज आणि वरच्या मोठ्या भोकात धरला, काहीच नाही. ते भोक अर्थिंगचं. प्लगची तिथली पिन जाड आणि लांब असते ती उगीच नव्हे. बाकीच्या दोन्हींच्या आधी ती टेकावी आणि शेवटी सुटावी म्हणून. पण भोकामागे जमीनच नसेल तर पिन कितीही लांब असून काय उपयोग?

अर्थिंग मेलेलं होतं हे नक्की झालं. करंट कुठून येतो हे मात्र कळेना. फ्रिजचा तर टॉपच काढलेला होता.

तेव्हा आजी म्हणाल्या, "बाळा, तो पाणी आल्यावरच मारतो. सकाळी आणि संध्याकाळी. बाकी दिवसभर नुसती झिणझिण."

आजींचं हे बोलणं त्याआधी घरातल्या कुणी मनावर घेतलं नव्हतं. 'पाण्याने फ्रिजला काय होतंय' म्हणून सूनबाई हसल्या होत्या. मीही एरवी हसलोच असतो. त्या दिवशी हसायची कुणाची हिंमत नव्हती.

"पाणी आलं की तुम्ही काय करता?"

"हौदातून वर चढवतो. मोटार लावून."

सगळ्यांना स्वयंपाकघराबाहेर उभं केलं आणि वहिनींना मोटार चालू करायला सांगितली. बल्बची एक वायर न्यूट्रलला, दुसरी त्या अर्थिंगच्या भोकात. बल्ब लालसर पेटला. "बंद करा." विझला. "परत चालू." परत पेटला. दारातून बघणारा पोरगा बोबड्या आवाजात म्हणाला, "म्हणजे फ्रिजने नाही मारलं?"

फ्रिजने नव्हतंच मारलं. मोटारीचं वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, तिच्या बॉडीला लागलं होतं. आवाज होऊ नये म्हणून मोटार लाकडी पाटावर, खाली टायरचा तुकडा घालून ठेवलेली, शिवाय पाइप प्लास्टिकचे, त्यामुळे तिथून जमिनीत जायला करंटला वाट नाही. मोटारीची हिरवी वायर आणि फ्रिजच्या बोर्डाची हिरवी वायर पुढे एकाच जागी जोडलेल्या. मग मोटारीचा करंट हिरव्या वायरीने उलटा फ्रिजच्या पत्र्यावर येणार, नाही तर कुठे जाणार?

आजींना मी मोरीचं उदाहरण दिलं. घरातल्या सगळ्या मोऱ्या एकाच नाल्याला जोडलेल्या आहेत आणि नाला पुढे तुंबलाय. न्हाणीघरात पाणी ओतलं तर ते स्वयंपाकघराच्या मोरीतून वर येतं. आजींना ते लगेच पटलं. सूनबाईंना अजून फ्रिजचाच राग होता.

नाला कुठे तुंबला होता तेही सापडलं. जुन्या पद्धतीप्रमाणे हिरवी वायर नळाच्या लोखंडी पाइपाला क्लॅम्पने आवळलेली. एके काळी हे सर्रास चालायचं. पाइप रस्त्याखालच्या लाइनपर्यंत लोखंडीच असायचा, त्यामुळे जमीन आपोआप मिळायची. मी त्या पाइपावर हात न लावता नुसती नजर फिरवत गेलो. सिंकच्या वर लोखंड, भिंतीतून बाहेर लोखंड, आणि चौकात उतरल्यावर पांढरं शुभ्र प्लास्टिक.

"हा पाइप कधी बदलला?"

"गंजला होता. गणपतीच्या आधी बदलून घेतला."

प्लंबरची चूक म्हणावी तर त्याने गळका पाइप काढून चांगला टाकला होता. त्या पाइपाला घराचं अर्थिंग टांगलेलं आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघरातला नळही त्याच लोखंडी तुकड्यावर होता. "भांडी घासताना कधीकधी हाताला मुंग्या येतात, मला वाटलं थंडीने," वहिनी म्हणाल्या. एप्रिल तोंडावर आला होता.

मग माझ्या डोक्यात तारखा जुळल्या. पाइप गणपतीच्या आधी गेला. फ्रिज मी दसऱ्याला बसवला. म्हणजे त्या दिवशी मी त्या बोर्डात टॉप खोचला तेव्हा अर्थिंग आधीच गेलेलं होतं.

दसरा-दिवाळीच्या दिवसांत आमची काय धावपळ असते ते सांगत बसत नाही. पण त्या घरचा डेमो मला नीट आठवतो, कारण मी तो मन लावून दिला होता. वाड्याच्या जिन्यावरून फ्रिज आडवा करून चढवला होता, म्हणून संध्याकाळपर्यंत चालू करू देईना. आडवा केला की कॉम्प्रेसरचं ऑइल नळ्यांत शिरतं, ते परत खाली बसायला वेळ द्यावा लागतो. भिंतीपासून वीतभर पुढे घ्यायला लावला. एक्स्टेन्शन बोर्डावरून चालवायचा नाही हे दोनदा सांगितलं. गरम आमटीचं पातेलं आत ठेवू नका म्हणालो, तेव्हा आजी म्हणाल्या होत्या, "एवढं कळतं मला." कॉम्प्रेसरजवळचं ज्वाळेचं चित्र दाखवून हेही सांगितलं, की आतला गॅस आर ६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या सिलिंडरातल्या गॅसचाच भाऊ. असतो पन्नास-साठ ग्रॅमच, पण पेट घेतो, आणि सिलिंडरसारखा वास मारत नाही. म्हणून बर्फ सुरीने खरवडू नका, नळीला भोक पडलं तर कळणार नाही. हे सगळं बरोबर सांगितलं. बोर्डाला तीन भोकं दिसली, फॉर्मवर 'अर्थिंग तपासले' पुढे बरोबरची खूण केली आणि पुढच्या कॉलला निघालो. बल्ब लावायला अर्धं मिनिट लागलं असतं.

हे त्या घरात तेव्हाच कबूल केलं म्हणायला आवडलं असतं. नाही केलं. मोटारीचं बटण बंद करून त्यावर चिकटपट्टी लावली, फ्रिज बंद ठेवायला सांगितला. दूध, श्रीखंड आणि द्राक्षं शेजाऱ्यांकडे गेली. घराच्या वायरिंगला हात लावायचं लायसन्स माझ्याकडे नाही, म्हणून ओळखीच्या वायरमन नानांना फोन केला. ते रहाडीतच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आले, कानात रंग तसाच.

नानांनी चौकात तुळशीमागे खड्डा घेतला. आठ फुटी जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला नरसाळं. नवी वायर थेट मेन बोर्डापर्यंत. पोरगा खड्ड्याच्या काठावर बसून विचारत होता, "ही आपली रहाड का?" नाना म्हणाले, "हो, पण हिच्यात धप्पा विजेने मारायचा."

मेनला आरसीसीबी बसवली, ३० मिलीअँपियरची. घरात एमसीबी होती, मग ती का पडली नाही, असं घरच्यांनी विचारलं. ती १६ अँपियरची. त्याहून जास्त करंट ओढला गेला तरच पडते. पोराच्या अंगातून गेलेला करंट तिच्या हिशेबात पै-पैशाएवढाही नव्हता. आरसीसीबी मात्र गेलेला आणि परत आलेला करंट ताडून बघते, आणि ३० मिलीअँपियरचा फरक पडला तर क्षणात तोडते. मोटार चालू करून बघितली तर लगेच पडली. आता नाला मोकळा होता. मग मोटार वाइंडिंगला गेली.

फ्रिज चालू केला. बल्ब फेज आणि अर्थिंगमध्ये धरला, तो चमकला आणि त्याच क्षणी आरसीसीबी पडली, म्हणजे अर्थिंग जिवंत होतं. ते बघितल्यावर मी आजींना पाइपाच्या आणि फॉर्मच्या तारखा सांगितल्या. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चहा घेऊन जा." घेतला. घशाखाली उतरायला जड गेला.

रिपोर्टमध्ये लिहिलं : फ्रिजमध्ये दोष नाही, बसवताना अर्थिंग तपासलं नव्हतं. संध्याकाळी साहेबांचा फोन. "अरे, असं लिहितात का? 'ग्राहकाच्या वायरिंगमध्ये दोष' एवढंच लिही." तेही खोटं नव्हतंच. पण दुसरं वाक्य मी काढलं नाही. त्यावरून पुढे बरंच ऐकून घेतलं, ते इथे नको.

त्या सीझनच्या माझ्या फॉर्मांवर सगळीकडे तीच खूण होती. मग रविवारी एकेकाला फोन करून जायला लागलो. सिडको, पंचवटी, सातपूर, इंदिरानगर. बल्ब लावायचा, पेटला की निघायचं. लोक विचारतात, पैसे किती? काही नाही म्हटलं की संशयाने बघतात. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तो पेटत नाही तेव्हा आता नवल वाटत नाही.

परवा कॉलेज रोडला एका नव्याकोऱ्या फ्लॅटमध्ये गेलो. महागडी बटणं, भिंतीच्या रंगाशी जुळणारे बोर्ड. बल्ब पेटला नाही. बोर्ड उघडला तर हिरवी वायर नीट गुंडाळून मागे ठेवलेली, कुठेच न जोडलेली. मालकांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बघितली आणि म्हणाले, "इलेक्ट्रिशियन सोमवारी येईल. तोपर्यंत चप्पल घालून वापरला तर चालेल ना?"